कंपनीचं नाव विचारू नका

‘थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण लॅपटॉप चांगल्या कंपनीचाच घ्या. नाव असलेल्या कंपनीचा घेतला की पाच-सहा वर्षं बघायला नको.’ बारावीचा निकाल लागून कॉलेजच्या याद्या झळकायला लागल्या की आमच्या वरळीत हा सल्ला फुकट मिळतो. बीडीडी चाळींच्या व्हरांड्यात मिळतो, कोळीवाड्यात मिळतो, सी-फेसवर सकाळी फेऱ्या मारणारे निवृत्त साहेबही तोच देतात. हेतू चांगला असतो, आवाजात खात्री असते. गंमत एवढीच, की ‘चांगली कंपनी’ प्रत्येकाची वेगळी असते आणि एकाची चांगली ती शेजाऱ्याच्या लेखी ‘डबा’ असते. दोघंही आपल्या घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवरून बोलत असतात.

हा सल्ला जरा अपुरा आहे, एवढं म्हणून मी गप्प बसणार नाही. तो चुकीचा आहे. ज्या घरात लॅपटॉप सोसायटीचं कर्ज काढून किंवा भिशी उचलून येतो, त्या घराचं त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. कारण एकदा नाव ठरलं की माणूस पुढचं काही विचारतच नाही. आणि विचारण्यासारखं जे आहे ते सगळं नावाच्या पुढेच आहे.

कंपनी एकच लॅपटॉप विकत नाही, हे आधी लक्षात घ्या. तीस हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत डझनावारी मॉडेलं एकाच नावाखाली दुकानात लागलेली असतात. एचपीचा पॅव्हिलियन आणि एचपीचाच एलिटबुक, लेनोव्होचा आयडियापॅड आणि लेनोव्होचाच थिंकपॅड, यांच्या झाकणावरचं नाव सोडलं तर सारखं फार थोडं असतं. पहिली जात घरगुती गिऱ्हाइकासाठी, दुसरी कचेऱ्यांसाठी. कचेरीला एकदम पाचशे नग विकायचे असतात आणि तिथला आयटीवाला दर आठवड्याला तक्रार घेऊन उभा राहणार असतो. म्हणून त्या जातीत बिजागऱ्या धातूच्या पक्क्या बसवलेल्या असतात, बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डखाली पाणी वाहून जायची सोय असते, मागचं झाकण साध्या स्क्रूंवर निघतं, तीन वर्षांची वॉरंटी मिळू शकते आणि सुटे भाग बरीच वर्षं मिळत राहतात. घरगुती जातीत किंमत उतरवायची असते, आणि ती पडद्याच्या चकाकीतून कोणी उतरवत नाही. बिजागरीतून उतरवतात, डब्याच्या प्लॅस्टिकमधून उतरवतात. तेव्हा ‘अमुक कंपनी टिकाऊ’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच, की कोणती जात? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. डेलने तर जानेवारी २०२५ मध्ये इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड ही वर्षानुवर्षं रुळलेली नावंच नव्या मालावरून काढून टाकायला घेतली. ज्यांनी ती पाठ केली होती, त्यांनी आता पुन्हा अभ्यास करायचा.

दुसरं, ज्या कंपनीचं नाव झाकणावर असतं तिच्या स्वतःच्या कारखान्यात तो लॅपटॉप बनलेला असतोच असं नाही. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक, पेगाट्रॉन ही तैवानी नावं लॅपटॉपच्या जाहिरातीत तुम्हाला कधी दिसणार नाहीत. पण जगातल्या लॅपटॉपांचा मोठा हिस्सा याच कंपन्या बनवत आल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक एकाच वेळी अनेक ब्रँडांचं काम घेते. म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन ‘प्रतिस्पर्धी’ लॅपटॉप एकाच मालकाच्या कारखान्यातून आलेले असू शकतात. आतली बॅटरी तिसऱ्याची, पडदा चौथ्याचा, प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा.

याचा हिशेब २००६ साली जगाने पाहिला. सोनीच्या बॅटरी-सेलमध्ये तयार होताना धातूचे बारीक कण राहून गेले होते. त्याने आतल्या आत शॉर्ट होऊन बॅटऱ्या पेट घेण्याचा धोका होता. त्या ऑगस्टमध्ये डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, पाठोपाठ ॲपलने १८ लाख, मग लेनोव्होने पाच लाखांवर, तोशिबाने वेगळ्या. ॲपल घेणारा आणि डेल घेणारा एकमेकांकडे तुच्छतेने बघत होते, आणि दोघांच्या मांडीवर सेल एकाच सोनीचा होता. २००८ मध्ये तेच एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपांचं झालं. चिप तापून-निवून तिच्या जोडण्या सुटायच्या, आणि त्यात एचपी, डेल, ॲपल सगळेच सापडले. झाकणावरच्या चिन्हाने कोणाचंही रक्षण केलं नाही.

यावर जरा वाचलेला माणूस म्हणतो, ‘गप्पा पुरेत, आकडे बघा. ब्रँडांची क्रमवारी लागलेली आहे.’ लागलेली आहे, मान्य. लॅपटॉपांची वाढीव वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये आपल्याकडच्या तीस हजारांवर लॅपटॉपांच्या नोंदी मांडल्या होत्या, आणि त्या क्रमवारीचा पुढे फार बोलबाला झाला. तीन वर्षांत बिघाड होण्याचं प्रमाण सर्वांत कमी आसुसचं, १५.६ टक्के. मग तोशिबा १५.७, सोनी १६.८. तळाला एचपी, २५.६ टक्के. घ्या, म्हणतात, आहे की नाही फरक?

आहे. पण ही यादी शेवटपर्यंत वाचणारे थोडे. त्याच अहवालात तीन वर्षांत एकूण ३१ टक्के लॅपटॉप बंद पडतील असा अंदाज होता, आणि त्या ३१पैकी १०.६ यंत्रातल्या दोषाने नव्हे, तर पडून, आपटून, पाणी सांडून. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या कंपनीत जितकं अंतर, जवळपास तितकाच वाटा आपल्या हाताचा आणि चहाच्या कपाचा! शिवाय ‘उत्तम’ ठरलेल्या कंपनीचासुद्धा दर सहा-सातांत एक लॅपटॉप बिघडणारच होता. तुमच्या वाट्याला तो आला, तर क्रमवारीचा कागद घेऊन जायचं कुठे?

आणि पुढे काय झालं तेही सांगतो. यादीतल्या पहिल्या तिघांपैकी सोनीने २०१४ मध्ये आपला वायो धंदा विकून टाकला. तोशिबा ही १९८५ पासून लॅपटॉप विकणारी, या धंद्यातली थोरली पाती; तिने २०१८ मध्ये ८०.१ टक्के हिस्सा शार्पला दिला आणि २०२० मध्ये उरलेलाही सोडून ती मोकळी झाली. आयबीएमने तर थिंकपॅडसह सगळा पीसीचा धंदा २००५ मध्येच लेनोव्होला दिला होता. आपल्याकडे एचसीएल आणि विप्रो यांची नावं एके काळी सरकारी कचेऱ्यांत घरोघरच्या मिक्सरइतकी ओळखीची होती; २०१३च्या सुमारास दोघांनी संगणक बनवणं थांबवलं. मुंबईचीच झेनिथ आज कोणत्या दुकानात दिसते? विश्वासाचं नाव म्हणून ज्यांनी पैसे मोजले, त्यांच्या हातात यंत्र उरलं आणि नाव गेलं.

क्रमवारीत एक मूळची खोटही आहे. लॅपटॉप तीन वर्षं टिकला की नाही हे कळायला तीन वर्षंच लागतात, आणि तोवर ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. खात्रीची माहिती नेहमी विकत न मिळणाऱ्या मालाची असते.

‘आमचा आधीचा त्याच कंपनीचा होता, नऊ वर्षं चालला’ हा युक्तिवाद मात्र मी टाकून देत नाही. तो प्रामाणिक आहे, आणि अनुभवातून आलेला आहे. फक्त तो जुना लॅपटॉप एकदा उलटा करून पाहा. बॅटरी दोन खटक्यांनी बाहेर येते. रॅमसाठी वेगळं छोटं झाकण आहे, एक स्क्रू काढला की उघडतं. हार्ड डिस्क बदलता येते. नऊ वर्षं चालला तो असा, की मध्ये एकदा बॅटरी नवी बसली, एकदा रॅम वाढली, आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्यावर तो पुन्हा तरुण झाला. आता त्याच नावाच्या नव्या पातळ मॉडेलात रॅम अनेकदा बोर्डवरच डाग दिलेली असते, बॅटरी आत पुरलेली असते. नाव तेच, पण ज्या गुणाने पहिला टिकला तो गुणच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या बाजाराला तंतोतंत लागू पडते.

वरळी नाक्याजवळ माझ्या एका मित्राचा लॅपटॉप दुरुस्तीचा गाळा आहे. संध्याकाळी मी तिथे बसतो. टेबलावर उघडे पडलेले लॅपटॉप सगळ्या नावांचे असतात, आणि मरणाची कारणं मात्र दोन-चारच. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत धूळ, केस आणि गादीचा कापूस दाबून दाबून त्याचा नमदा झालेला असतो. मित्र चिमट्याने टोक धरून ओढतो तेव्हा तो अखंड पट्टीसारखा निघतो. हवा जायला जागाच नव्हती, कारण लॅपटॉप टेबलावर नाही, गादीवर चालला. बिजागरीचे स्क्रू ज्या इवल्या पितळी गुंड्यांत बसतात, त्या प्लॅस्टिक फोडून वर आलेल्या असतात. रोज एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की असंच होतं. आणि यूएसबीच्या खाचेत, चार्जिंगच्या जॅकभोवती, हिरवट चुरा.

तो हिरवट चुरा आमची खासियत. समुद्राची खारी हवा इथे बारा महिने घरात असते, आणि पावसाळ्यात तर सी-फेसवर लाटा रस्ता ओलांडतात. मिठाचा थर ओल धरून ठेवतो, जवळजवळच्या पिनांमधून वीज झिरपते, तांबं गंजतं. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत लॅपटॉपची जागा कुठे असते? एका बाजूला मोरी, दुसऱ्या बाजूला गॅस, आणि मध्ये जिथे अभ्यास होतो तिथेच रात्री अंथरूण. १९२०च्या दशकातल्या त्या चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहिले, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्याही मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या. जागा वाढली, हवा तीच आहे. आणि कोणत्याही कंपनीच्या वॉरंटीची बारीक अक्षरं वाचा: पाणी आणि गंज त्यात सहसा बसत नाही. तेव्हा पुण्याच्या कोरड्या हवेत सहा वर्षं चाललेल्या लॅपटॉपचं उदाहरण मला वरळीत देऊ नका.

यावर विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘साहेब, हा मिलिटरी ग्रेड आहे.’ ऐकून छाती फुगते. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांचं पुस्तक आहे. त्यात डझनावारी चाचण्या आहेत, त्यांतल्या कोणत्या करायच्या हे बनवणारा स्वतः ठरवतो, आणि लष्कर कोणालाही ‘पास’ असं प्रमाणपत्र देत नाही. त्या पुस्तकात ५०९ क्रमांकाची चाचणी खाऱ्या धुक्याची आहे. वरळीकराने एवढंच विचारावं: ही केली का? नुसतं टेबलाच्या उंचीवरून टाकून पाहिलं असेल, तर ते समुद्राला काय कामाचं? हेही ध्यानात असू द्या, की मोठ्या दालनांत आपल्याशी गोड बोलणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पगार त्या त्या कंपनीकडून मिळतो. त्यांचा दोष नाही, ती त्यांची नोकरी आहे. पण त्याला सल्ला म्हणू नये.

‘मोठी कंपनी म्हणजे सर्व्हिस चांगली’ हेही तसंच. अधिकृत सेवा केंद्र बहुतेक वेळा कंपनीचं नसतंच, कंत्राट घेतलेल्या तिसऱ्याचं असतं. एकाच कंपनीचं एक केंद्र चोख आणि दुसरं ढिसाळ, हे नेहमीचं. शिवाय तिथे दुरुस्ती म्हणजे अदलाबदल: बोर्डवरची एक आयसी गेली तरी अख्खा बोर्ड बदला, आणि वॉरंटी संपली असेल तर खर्च ऐकून खाली बसा. तीच आयसी ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एखादा चिप-लेव्हलचा कारागीर भिंगाखाली बदलून देतो. तिथेही गंडवणारे आहेत, मी काही त्या रस्त्याची आरती ओवाळत नाही. पण तुमच्या लॅपटॉपचं आयुष्य कंपनीच्या मुख्यालयात ठरत नाही. त्या मॉडेलचा भाग मिळतो का आणि तो बसवणारा हात जवळ आहे का, यावर ठरतं.

राहता राहिलं ॲपल. इथे मला माझा मुद्दा थोडा मागे घ्यावा लागतो, कारण ही कंपनी स्वतःची चिप आखते आणि स्वतःची प्रणाली बनवते, आणि नोव्हेंबर २०२०चा बिनपंख्याचा एम-१ एअर आजही ऐटीत चालतो. नमदा व्हायला पंखाच नाही! पण याच कंपनीने २०१५ ते २०१९ या काळात असे ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड विकले, की धुळीच्या कणाने बटण अडायचं. २०१८ मध्ये फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली आणि पुढे खटल्यात पाच कोटी डॉलर मोजायची तडजोड. रॅम वाढवता येत नाही, बोर्ड गेला की खर्च छाती दडपणारा. आणि गिरगाव-दादरच्या कॉमर्सच्या मुलाला टॅली लागतं, इंजिनिअरिंगच्या मुलीला सॉलिडवर्क्स लागतं. ती मॅकवर सरळ चालत नाहीत. त्यांच्या कामाचाच नसेल, तर मॅक कितीही टिकला तरी काय करायचं?

मग घ्यायचं काय? नाव शेवटी ठेवा, एवढंच माझं म्हणणं. आधी काम ठरवा. मग कचेरीच्या जातीतलं साधं मॉडेल बघा, बारीक आणि चकचकीत नाही. त्याचं दुरुस्तीचं पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांची स्क्रूनिशी माहिती खुली मिळते. पुस्तक नसेल, तर कंपनीला तुम्ही ते उघडावं असं वाटत नाही, एवढं समजा. रॅम आणि एसएसडी बदलता येतात का? वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करण्याची की केंद्रावर नेऊन देण्याची? अपघाती नुकसानीचं संरक्षण विकत मिळत असेल, तर वरळीत मी प्रोसेसरची पायरी एक खाली उतरवून ते घेईन. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्या केंद्र सरकारने तशा निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली. तो आकडा आपल्या पेट्यांवर येईपर्यंत हे प्रश्न आपणच विचारायचे.

पैसे कमी असतील, तर मोठ्या नावाचा सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा कचेरीतून निघालेला, नीट तपासलेला जुना बिझनेस लॅपटॉप बरा. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघा. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. यंत्र धडधाकट आणि तरी बाद, हाही एक बिघाडच, आणि त्यात लॅपटॉपवाल्या कंपनीचा हातसुद्धा नाही. चार्जर बदलायची वेळ आली, तर त्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. रस्त्यावरच्या तीनशेच्या चार्जरने चाळीस हजारांचा बोर्ड जातो.

दुकानातून निघण्यापूर्वी पेटीवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख तिथेच बघा, आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या. पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर विश्वास नको. पुढे वाद झालाच, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, क्रमांक १९१५.